पाण्यावरचा वाटा

प्रिय मुख्ता,

हे पत्र जाना मासेवालीच्या टोपलीतून तुझ्याकडे येतं आहे, तेव्हा कागदाला माशांचा वास आला तर नाक मुरडू नकोस. टपालानं पाठवलं असतं तर ते आधी शहरात जाऊन बसलं असतं आणि सवडीनं तुझ्या दारी आलं असतं. मला तेवढी सवड नाही. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं जानाला बजावलं आहे. ती म्हणते, "तुझी बहीण वाचेल तेव्हा मी समोर बसेन, तिचं तोंड बघेन आणि परत येऊन तुला सगळं सांगेन." तिला बसू देऊ नकोस. पेलाभर खारा चहा दे, चार मासे घे आणि वाटेला लाव.

इथे सगळे बरे आहेत. तुझ्या भाभीचा, हजराचा, खोकला थंडीबरोबर गेला. शेजारच्या नबीरचाचांचा उरलासुरला दात पडला. त्यांनी तो सरोवरात टाकला आणि म्हणाले, "जन्मभर मी माशांना चावलो, आता त्यांची पाळी." बदामाचा बहर झडून गेला. डोंगरावरचं बर्फ उतरतं आहे आणि पाणी चढतं आहे. आपली राद, आपलं तरंगतं शेत, खुंटांना धरून थोडी थोडी वर सरकते. काल खिडकीतून खाली वाकून बघावं लागत होतं ती जमीन आज उंबऱ्याशी आलेली दिसते. लहानपणी तू म्हणायचीस, जमीन रात्री कूस बदलते. मी तुला हसायचो. आता वय झाल्यावर सकाळी खिडकी उघडली की माझ्याही मनात तेच येतं, आणि मग दिवसभर चालताना पावलं हळू पडतात.

दुपारनंतरची नमाज मी अजून रादवरच पढतो. मशीद दूर नाही, पण तिथल्या फरशीवर मला सोबत वाटत नाही. इथे कपाळ टेकलं की खालची जमीनही जराशी खाली जाते, जणू तीही माझ्याबरोबर सजद्यात गेली, आणि मी डोकं उचललं की तीही उठते. गुडघे ओले होतात, त्याचं काही नाही. कानाशी पाणी बोलत असतं. कधी कधी वाटतं, आपल्या बबना पहिल्यांदा या जमिनीचा लळा लागला तो याच सुखापायी असेल. सुखाचं वेड कधी झालं, ते माणसाला कळत नाही. आजूबाजूच्यांना कळतं.

तुला हे आठवणार नाही, पण तू चालायला शिकलीस ती रादवर. दुसरी कुठलीही आई घाबरली असती, पण मोजी तुला काकडीच्या वेलांमध्ये सोडून द्यायची आणि स्वतः नावेच्या टोकाला उभी राहून पाण्यातलं शेवाळ दोन काठ्यांवर गुंडाळून वर ओढायची. जवळून नाव गेली की सगळी जमीन हलायची, वेलांची पिवळी फुलं माना डोलवायची, आणि तू दोन्ही हात पसरून त्या हेलकाव्यात उभी राहायचीस. पडायची नाहीस. मग ईदला दर्ग्यावर गेलो तेव्हा तुला पहिल्यांदा काठाच्या जमिनीवर उभं केलं, तर तू दोन पावलांत आदळलीस. जमीन हलत नाही म्हणून रडलीस. बब केवढे हसले होते. तुला खांद्यावर घेऊन सगळ्यांना सांगत होते, "माझी पोर खऱ्या जमिनीवरची आहे, ही मेलेली जमीन तिला चालत नाही."

ते हसत होते खरे, पण मेलेल्या जमिनीचा सल त्यांना लहानपणापासून होता. आजोबा काठावरच्या एका बागाइतदाराकडे रोपं आणायला गेले होते, बब बरोबर होते. बागाइतदार म्हणाला होता, तुम्हा पाण्यातल्या लोकांना माती कुठली, तुम्ही कुजलेल्या गवतावर पेरता. आजोबा निमूटपणे रोपं घेऊन आले आणि विसरून गेले. बब विसरले नाहीत. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही असं, की दुसऱ्याच कुणाच्या मुलाची गोष्ट असावी. ते म्हणाले, "त्या मुलाला वाटलं, आपली एवढी जमीन असावी की तिच्यावरून चालताना कडेचा विचार मनात येऊ नये."

आपल्याकडे सगळ्यांच्या रादा अरुंद असतात, दोन्ही बाजूंनी नाव जाईल आणि नावेतून हात पोचेल एवढ्या. शहाणपण आहे त्यात. अरुंद जमीन वाऱ्याला वाट देते. बबनी मात्र पट्टे एकमेकांना जोडायला घेतले. वेतासारख्या ओल्या फांद्यांनी शिवायचे, मध्ये लव्हाळ्याची मुळं भरायची, वर शेवाळ, वर तळातला चिखल, आणि दरवर्षी पुन्हा चिखल. मुळं मुळांत गुंतत गेली. आपल्या भागात एवढी रुंद राद कुणी पाहिली नव्हती. लोक नावा थांबवून बघायचे. नबीरचाचा म्हणायचे, "अरे मीर, ही जमीन आहे की मैदान? फौज उतरवणार आहेस का?" बब चिखल चढवत राहायचे. संध्याकाळी ते मधोमध उभे राहायचे, अंगातल्या सैल फेरनच्या आत हात घेऊन, आणि नुसते उभे राहायचे. दुरून वाटायचं, पाण्यावर एक झाड आहे.

त्या झाडाची सावली कुणाकुणावर पडली, ते तुला मी काय सांगू. नाव एकच होती. सकाळी ती तुला काठावरच्या शाळेत सोडणार, की शेवाळ आणायला जाणार, हा प्रश्न रोज पडायचा, आणि रोज त्याचं उत्तर तेच असायचं. मी आठवीपर्यंत तरी गेलो. तुला पाचवीतच घरी बसवलं. घरी म्हणजे रादवर, राखण करायला, कारण आपल्या सरोवरातले चोर काकड्या नेत नाहीत, शेतच ओढून नेतात. तू पुस्तक घेऊन कडेला बसायचीस, पाय पाण्यात. एकदा ते पुस्तक पाण्यात पडलं आणि तू ते उचललं नाहीस. पानं उघडी पडून कितीतरी वेळ तरंगत होती. मी पलीकडच्या काठावरून बघत होतो. तू रडली असतीस तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आणि मोजी. तिची बोटं शेवटी मिटेनाशी झाली होती, तू पाहिलंस ते. एका साली मोठं बर्फ पडलं तेव्हा बब पहाटेपासून रादवरचं बर्फ फावड्यानं लोटत होते, वजनानं ती बुडेल म्हणून. घराचं छप्पर करकरत होतं. मोजी स्वतः छपरावर चढली, कमरेला ओढणी बांधून. वरून ओरडून म्हणाली, "मीरसाहेब, इकडे घर पडलं तर तुमच्या बेगमेच्या अंगणात झोपायला जागा द्याल ना?" रादला ती बेगम म्हणायची. शेजारणींना सांगायची, "माझी सवत बघा, दिवसभर पाण्यात लोळते आणि मीच तिच्या अंगाला चिखल लावते." सगळ्या हसायच्या, मोजीही हसायची. पण रात्री निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसली की ती बबकडे असं बघायची, जसं माणूस दूरच्या दिव्याकडे बघतं.

तुझ्या लग्नाच्या दिवसाचा विषय मी आजवर तुझ्यापाशी काढला नाही. तूही काढला नाहीस. तुला वाटतं, मी बबची बाजू घेईन म्हणून गप्प आहे. मुख्ता, घ्यायला बाजूच नाही. मी जे पाहिलं तेवढं सांगतो.

त्या दिवशी दुपारी वारा सुटला, ते तुला माहीत आहे. नवरदेव अकबरभाईंच्या नावा घाटाला लागल्या होत्या, बायका गात होत्या, तू आत नटून बसली होतीस. अरुंद रादांना काही झालं नाही. आपली रुंद, शिडासारखी, तिनं सगळा वारा अंगावर घेतला आणि खुंट मोडून निघाली. बब नव्या फेरनमध्येच नावेत उतरले. पुढे तू वाट पाहिलीस. दिवस कलला, पाहुणे कुजबुजायला लागले, अकबरभाईंच्या वडिलांनी दोनदा घसा साफ केला. शेवटी तुझ्या डोक्यावर हात मी ठेवला आणि तुला नावेत बसवलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू पाण्याच्या मोकळ्या बाजूला बघत होतीस.

तुझी नाव गेल्यावर मी त्यांना शोधायला निघालो. सरोवर जिथून नदीत उतरतं त्या दरवाजाच्या अलीकडे, लव्हाळ्यात ते होते. छातीपर्यंत पाण्यात उभे, दोर हाताला गुंडाळलेला, हाताची कातडी सोललेली. शेजारी नावेत नबीरचाचा बसले होते आणि रडत होते. रडत रडतच मला म्हणाले, "मी याला दहादा म्हटलं, दोर मला दे, तू जा. हा देतच नाही." दोर सोडला असता तर ती दरवाजातून नदीत गेली असती आणि तिच्या चिंध्या झाल्या असत्या, हे खरं. पण नबीरचाचा दोर धरू शकले असते, हेही खरं. तिथे पाण्यावरून गाणी स्वच्छ ऐकू येत होती. तुझी नाव निघाली तेव्हा गाण्याची चाल बदलली, तीही त्यांना ऐकू आली असणार. मी विचारलं नाही. आम्ही तिघांनी मिळून राद परत आणली. पुढच्या बुधवारी त्यांनी नवे खुंट ठोकले, आधीच्यापेक्षा जाड.

त्यानंतर तू आलीस ती मोजीच्या मातीला. चौथ्या दिवसाची दुआ झाली आणि निघालीस. निघताना चुलीपाशी गेलीस, हजराला भेटलीस, नबीरचाचांना सलाम केलास. बब व्हरांड्यात बसले होते. त्यांच्यासमोरून तू गेलीस तेव्हा तुझी ओढणी त्यांच्या गुडघ्याला लागली. तुला कळलंही नसेल. ते मात्र तू दिसेनाशी झालीस तरी गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, त्या जागी काहीतरी ठेवलेलं असावं, तसे.

या हिवाळ्यात त्यांनी बर्फ लोटलं नाही. मी लोटलं. वसंत लागला तेव्हा चिखल चढवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "फार जड झाली आहे." जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं. मग नबीरचाचांच्या घरी वाटणी झाली. मौलवी आले, बबना साक्षीला बोलावलं, मीही गेलो. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मुलांचे वाटे झाले, आणि दोन्ही मुलींना विचारलं, तुमचं काय. दोघी पदरात तोंड लपवून हसल्या आणि म्हणाल्या, आम्ही सोडला. भावांनी त्यांना एकेक शाल दिली. सगळ्यांनी भात खाल्ला. बबनी घास घेतला नाही. परत येताना नावेत म्हणाले, "मुख्तानं सोडला आहे का?" मी म्हटलं, "तिला कुणी विचारलंय कधी?" ते वल्हं मारत राहिले.

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जाना मासे घेऊन आली की बब तिला थांबवायचे. आंचारचं पाणी तुझ्या घराशी किती खोल आहे, तळाला चिखल आहे की वाळू, वारा कोणत्या अंगानं येतो, सकाळचं ऊन आधी कुठे पडतं. जाना वैतागून म्हणाली, "मीरसाहेब, मी मासे विकते, वारा विकत नाही." तरी पुढच्या खेपेला तिनं सगळं विचारून आणलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, मुलीची आठवण काढतं आहे, सरळ नाव घेता येत नाही म्हणून पाण्याचं आणि वाऱ्याचं विचारतं आहे. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते एका सकाळी कळलं. मी नमाजहून परतलो तर ते लव्हाळं कापायचा लांब दांड्याचा विळा घेऊन रादच्या मधोमध उभे होते आणि जमीन कापत होते.

मुख्ता, तो आवाज मला अजून ऐकू येतो. इतक्या वर्षांची गुंतलेली मुळं, ती तुटताना मोठ्यानं तुटत नाहीत. ओलं कापड कुणी सावकाश फाडावं, तसा आवाज. बातमी पसरायला वेळ लागला नाही, नावा जमल्या. नबीरचाचा पुढे आले आणि म्हणाले, "अरे मीर, जन्मभर शिवलंस, आता उसवतोस?" बब म्हणाले, "मुलीचा वाटा आहे. शरियतचा." नबीरचाचा म्हणाले, "माझ्या मुलींनी सोडला. सगळ्यांच्याच मुली सोडतात. तुझीही सोडेल." तेव्हा बब विळ्यावर टेकून उभे राहिले. म्हणाले, "तुझ्या मुलींनी तोंडानं सांगितलं. माझी मुलगी माझ्याशी बोलतच नाही, नबीर. तिनं सोडला, हे मी कुणाच्या तोंडचं ऐकू?"

नावा थोड्या वेळानं आपल्या वाटेनं गेल्या. नबीरचाचा गेले नाहीत. त्यांनी फेरन काढून ठेवली आणि दुसरा विळा मागितला.

शेवटचं मूळ सुटलं तेव्हा दोन जमिनींमध्ये पाण्याची एक रेघ उघडली. आधी काळी होती, मग तिच्यात आभाळ आलं. बब तुझ्या बाजूला उभे होते. ते सावकाश, अगदी सावकाश आमच्यापासून दूर जात होते, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, मोजी असती तर काहीतरी बोचरं बोलली असती आणि मग आत जाऊन रडली असती.

त्यांनी कापलेला तुकडा दक्षिणेचा आहे. ऊन सगळ्यात जास्त तिथे, मुळं सगळ्यात जुनी तिथली. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही. हा त्याहून मोठा आहे. मी बोलून दाखवलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं. ते म्हणाले, "वाटेत कालव्याच्या भिंतींना घासून कडा झिजतील. पोचेपर्यंत वाटा पुरा राहायला हवा." मग दोन आठवडे ते त्या तुकड्यावरचा चिखल उतरवत होते. पुलांखालून जायला राद हलकी हवी. ओंजळीनं उचलायचे आणि पाण्यात सोडायचे. त्यांनीच चढवलेली माती. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू तुझ्या बाजूचं बघ." संध्याकाळी पाणी निवळलं की खाली तळाशी ती माती ढगासारखी पसरलेली दिसायची, आणि वर खरे ढग.

हजरा आधी कुरकुरली. तेही तुला सांगतो, कारण ती स्वतःच सांगणार आहे. म्हणाली, "ऊन त्यांच्याकडे गेलं, मग आपल्या चुलीवर काय चढवायचं, सावली?" एक दिवस तिनं भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी काकडीची आणि दुधीची रोपं घेऊन गेली आणि तुझ्या तुकड्यावर लावून आली. म्हणाली, लेकीकडे रिकामं भांडं पाठवत नाहीत, तर रिकामी जमीन कशी पाठवायची. पानं आता तळहाताएवढी झाली आहेत. तिच्यावर रागावू नकोस. ती तिच्या मुलांची आई आहे.

उद्या पहाटेच्या नमाजनंतर आम्ही निघतो आहोत. नबीरचाचांची नाव पुढे, ओढायला. माझी मागे, लांब काठीनं वळणं सांभाळायला. बब रादवर बसतील, ते ऐकत नाहीत. नगीनमधून कालव्यात, तिथून गिलसर, खुशालसर, आणि मग तुमचं आंचार. कालव्यात लोक आपल्याला बघून काय म्हणतील कोण जाणे. एक म्हातारा शेतावर बसून शहरातून चालला आहे, असं कुणी पाहिलं नसेल. ओढीत घाई करता येत नाही, जमीन मधोमध फाटते. तीन दिवस लागतील, कदाचित चार. जाना आमच्या आधी पोचेल.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. बबना ते ठाऊक नाही. त्यांनी मला मना केलं होतं. म्हणाले, "कळवलंस तर तिला हो म्हणावं लागेल किंवा नाही म्हणावं लागेल. न कळवता गेलो तर ती नुसतं दार लावून घेईल. तेवढा तिचा हक्क आहे, तो काढून घेऊ नकोस." मी त्यांचं सगळं आयुष्यभर ऐकलं, हे ऐकलं नाही. कारण दार लावलं तर ते काही न बोलता तुझ्या दारासमोर खुंट ठोकतील, राद बांधतील आणि परत येतील, आणि आपलं देणं फिटलं असं जन्मभर समजतील. तसं फिटू नये असं मला वाटतं. ते तुझी क्षमा मागणार नाहीत, त्यांना ते शब्द येत नाहीत. ते रादवरून उतरणारही नाहीत. तुमच्या काठाला आले की एवढंच विचारतील, "कुठे बांधू?" तू नको म्हणालीस तर आम्ही ती ओढत परत नेऊ, आणि माझ्या तोंडून तुला एक शब्दही ऐकावा लागणार नाही. तुझ्या लेकीची, तस्लीमाची शपथ. पण हो असो की नाही, ते तुझ्या आवाजात असू दे. अकबरभाईंना पुढे करू नकोस, तस्लीमालाही पाठवू नकोस. काठावर तू ये. इतकी वर्षं तू त्यांना रागावून एकदाही काही बोलली नाहीस, मुख्ता. मला वाटतं, ते आंचारपर्यंत येताहेत ते तेवढ्याचसाठी.

तुझाच,
सिद्दीक लाला